बाविसावा दात

“देवापुढे बसायचं ते तोंड स्वच्छ करून. आणि देवापुढून लेकरू उठलं, की त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं. रिकाम्या हाताने उठवायचं नाही कुणाला. एवढं सांभाळ गं, बाकीचं तो बघतो.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा आजी आजी नव्हत्या. मान खाली घालून ‘हो’ म्हणणारी नवी सून होत्या. सासूबाईंना जाऊन आता सव्वीस वर्षं झाली. त्यांची भांडी गेली, कपाट गेलं, त्यांनी लावलेल्या शिस्तीतली निम्मी शिस्त गेली. पण हे एक वाक्य आजींनी जपलं. घरं बदलली, मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, नात झाली. तरी रोज रात्री जेवणं उरकली की आधी तोंड स्वच्छ, मग प्रार्थना, मग साखरेचा एक खडा, हा क्रम काही चुकला नाही.

क्रम हा आजींचा जीव की प्राण. त्यांनी एकतीस वर्षं एका सार्वजनिक ग्रंथालयात काढली होती. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कितव्या खणात, कुणाच्या शेजारी, हे एकदा ठरलं की जगातले निम्मे तंटे मिटतात, असं त्यांचं शांत पण पक्कं मत होतं. निवृत्त झाल्यावर तेच मत त्या घरी घेऊन आल्या, आणि घरात लावण्याजोगी पुस्तकं फारशी नसल्याने ते डब्यांवर, चादरींवर आणि माणसांवर राबवू लागल्या.

माणसं इनमीन चार. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर; त्याचा फोन लागला तर तो नेहमी कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये असे. सूनबाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, दुपारपाळीला. आणि सहा वर्षांची नात. तिचं शाळेतलं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आई घरी येईपर्यंत भिंगरीच्या झोपेची वेळ होऊन जायची, तेव्हा तिला जेवू घालून, दात घासायला लावून, प्रार्थना करून झोपवणं हे खातं पहिल्यापासून आजींकडे होतं. आणि आजींच्या खात्यात चूक निघाल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अशा घरात एका सोमवारी शाळेतून आरोग्यपत्रक आलं.

पत्रक साधंच होतं. उंची, वजन, नजर, ऐकू येतं का. सातव्या रकान्यात ‘दातांची एकूण संख्या’ आणि खाली बारीक अक्षरात ‘दुधाचे / कायमचे (लागू नसेल ते खोडावे)’. दुसरं कुणी असतं तर अंदाजाने वीस लिहून मोकळं झालं असतं. पण आजींचा खोटं न लिहिण्याचा नेम होता. त्यांनी भिंगरीला खिडकीशी बसवलं, एका हातात बॅटरी घेतली, दुसऱ्या हातात चमचा, आणि चमच्याच्या दांड्याने एकेक दात मोजायला सुरुवात केली.

बावीस भरले.

आजींनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. बावीस. मुलगा कामावरून आला तेव्हा त्याला मोजायला बसवलं. त्याचे एकोणीस भरले, कारण भिंगरीला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि तिने मधेच तोंड मिटलं. वरच्या मजल्यावरचे काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. ते वर्तमानपत्र परत द्यायला आले होते, त्यांनीही बॅटरी मागून घेतली. त्यांचे एकवीस.

“एकोणीस, एकवीस, बावीस, बावीस,” ते डोळे मिटून म्हणाले. “सरासरी एकवीस धरा, ताई. शास्त्राला धरून होईल.”

“दात सरासरीने नसतात हो,” आजी हळूच म्हणाल्या, आणि पत्रकात स्पष्ट अक्षरात बावीस लिहिलं. ‘दुधाचे / कायमचे’ यातलं काय खोडावं हे कळेना, म्हणून दोन्ही शब्द तसेच ठेवले.

पुढचं सगळं रामायण या न खोडलेल्या शब्दांतून झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयातून बोलावणं आलं. कार्यालयातल्या बाई खिडकीमागे बसत. खिडकीला एवढं लहान भोक होतं की बोलायचं असेल तर वाकावं लागे आणि कागद द्यायचा असेल तर बोलणं थांबवावं लागे.

“हे बावीस काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

“मोजले तेवढे लिहिले,” आजी वाकून म्हणाल्या.

“सहा वर्षांच्या मुलाला वीस दात असतात. आमच्याकडे पाचशे बारा पत्रकं आली आहेत. एकूण एक वीस.”

“त्या सगळ्यांनी मोजले का?”

“मोजायचे कशाला? वीसच असतात.”

आजींनी पत्रकातला तो रकाना पुन्हा नीट वाचला. बाई मात्र आता दयाळू झाल्या. “हे बघा, वीस करा आणि कायमचे खोडा. मी इथल्या इथे खाडाखोड चालवून घेते. नाहीतर जादा दातांबद्दल डॉक्टरांचं पत्र जोडावं लागेल. सहीशिक्क्यानिशी.”

मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थाने “दोन दातांसाठी एवढं काय हो आजी!” असा निःश्वास टाकला. आजींचे कान गरम झाले. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही पुस्तकाची नोंद चुकीची केली नव्हती; एकदा तर एका पुस्तकाची शेवटची दोन पानं गळाली म्हणून तशी नोंद करायला त्यांनी मुख्य ग्रंथपालांशी वाद घातला होता, तोही कुजबुजत. आता स्वतःच्या नातीचे दोन दात अशा भोकातून परत घ्यायचे?

“पत्र आणते,” त्या म्हणाल्या.

घरी ही बातमी त्यांच्या आधी पोहोचली. समोरच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक भाचा असे.

“काकू, जास्तीचे दात म्हणजे मुलगी बोलकी निघणार बघा. माझ्या भाच्याला एक जास्तीचा होता, तो आता वकील आहे.”

“आणि कीडबीड असली तर घाबरू नका,” हवामानकाका जिन्यावरून म्हणाले. “दुधाचे दात म्हणजे तात्पुरती व्यवस्था. ती जाणारच. जाणाऱ्याची कुणी डागडुजी करतं का?”

“मग तुम्ही परवा छत्रीला काडी का बसवून घेतलीत?” वहिनींनी विचारलं. काका वर गेले.

दाताच्या डॉक्टर तरुण होत्या, आणि समोरच्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकायचं ही सवय त्यांना कुणीतरी लावली होती. भिंगरी खुर्चीत बसली, खुर्ची वर गेली तशी ती “अजून! अजून!” ओरडली. डॉक्टरांनी लहानसा आरसा आत घातला आणि म्हणाल्या, “बावीस. शाब्बास आजी. बरोब्बर मोजलेत.”

आजींनी बाजूला उभ्या असलेल्या सूनबाईंकडे पाहिलं नाही. पण त्यांची मान आपोआप ताठ झाली.

“वीस दुधाचे, आणि खालच्या मागच्या या दोन दाढा कायमच्या. सहाव्या वर्षाच्या आसपास येतात. कुठलाही दात न पाडता, न सांगता, मागच्या दाराने. म्हणून आईबापांना वाटतं याही दुधाच्याच, आणि कुणी लक्ष देत नाही.” मग त्यांनी आरसा जरा फिरवला, आणि त्यांचा आवाज हळू झाला. “दुधाच्या दोन दाढा किडल्यात. त्या भरून टाकू. दुधाचे दात पडणार असले तरी ते रुमाल टाकून मागच्यांची जागा धरून ठेवतात, वेळेआधी गेले की पुढची सगळी रांग वाकडी येते. पण मला काळजी या उजवीकडच्या नव्या दाढेची आहे. आत्ताच आलीय आणि हिच्यावर खडूसारखा पांढरा डाग दिसतोय. कीड लागायची ही सुरुवात. अजून खड्डा नाही. नीट सांभाळलं तर थांबेल. नाही सांभाळलं, तर... ही दाढ हिला सत्तर वर्षं वापरायचीय, आजी.”

सत्तर वर्षं. आजींनी मनातल्या मनात बेरीज केली. आपण नसू, आपला मुलगाही कदाचित नसेल, या भिंगरीचे केस पिकले असतील, आणि तेव्हाही ही दाढ तिच्या तोंडात असेल. आपल्या हातचं इतक्या पुढे जाणारं या घरात दुसरं काय आहे? एकाएकी त्यांना ती दाढ एखाद्या दुर्मिळ ग्रंथासारखी वाटली, एकच प्रत असलेल्या.

“काय करायचं ते सांगा,” त्या म्हणाल्या. “लिहून घेते.”

डॉक्टरांनी सांगितलं आणि आजींनी लिहिलं. दात दोनदा घासायचे, सकाळी आणि झोपताना. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. मुलं नुसता चघळतात. पेस्ट वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, भरमसाट चुळा भरायच्या नाहीत. गोड खायचं ते जेवणाबरोबर एकदाच, दिवसभर टिपत बसायचं नाही. तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

आणि त्या दिवसापासून त्या घराचं ग्रंथालय झालं.

न्हाणीघराच्या दारावर तीन महिन्यांचा तक्ता लागला. रोजच्या दोन चौकोनांत आजी हिरव्या शाईने बरोबरची खूण करीत. भिंगरीला मांडीवर आडवी घेऊन, एका हाताने तिची हनुवटी धरून, दुसऱ्या हाताने त्या एकेक दाढ अशी घासत की मुलगा म्हणाला, “आई, जरा हळू, मूळ लेखकाचं नाव पुसलं जाईल.” घरातली बिस्किटं गेली. चॉकलेटं वरच्या फळीवर गेली, मग शिडीशिवाय हात न पोचणाऱ्या फळीवर, मग घराबाहेर. मुलगा चहाबरोबर काहीतरी खायला मागे तेव्हा त्याला गाजर मिळे. पाहुणे खाऊ घेऊन आले की आजी तो दोन्ही हातांनी आदराने घेत आणि आदरानेच परत त्यांच्या पिशवीत ठेवत. एका मामेबहिणीने यावर सहा आठवडे फोन केला नाही.

पण शाळेत वाढदिवसाला वाटतात त्या गोळ्यांचं काय? आजींनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. सौम्य भाषेत, चार मुद्द्यांत. पत्र घेऊन त्या खिडकीशी गेल्या, तेव्हा डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्रही बरोबर होतं.

बाईंनी दोन्ही वाचली. “बावीस मान्य,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या रकान्यात दुधाचे वीस आणि कायमचे दोन असे दोन वेगळे आकडे बसत नाहीत, म्हणून तुमच्या नातीचं पत्रक मी ‘विशेष’च्या फायलीत ठेवते.” त्या फायलीत तोवर फक्त हत्तीरोगाच्या औषधाचं एक परिपत्रक होतं. “आणि हे दुसरं पत्र वर पाठवते.”

वर म्हणजे कुठे हे आजींना कळलं नाही, पण तिथून आठ दिवसांत उत्तर आलं: सूचना स्तुत्य आहे, सबब आपणच येऊन सर्व लहान वर्गांना मार्गदर्शन करावे.

आजी आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्याने बोलल्या नव्हत्या. ग्रंथालयात ‘शांतता राखा’ ही पाटी त्यांच्या डोक्यावर होती आणि त्यांनी ती स्वतःलाच सगळ्यात जास्त लागू केली होती. तरी त्या गेल्या. डॉक्टरांकडून प्लास्टरचा एक भला मोठा जबडा मागून नेला आणि त्याला शोभेसा ब्रश. साठ मुलं जमिनीवर बसली होती. आजींनी अत्यंत मृदू आवाजात सुरुवात केली, “बाळांनो, दात हे आपलं धन आहे...”

“ऐकू येत नाहीऽऽऽ,” मागून आवाज आला.

आजींनी आवाज चढवला, आणि आवाजाबरोबर हातही चढला. ब्रशचा फटका जबड्याच्या वरच्या भागाला बसला, बिजागरी निखळली, आणि वरचा जबडा टेबलावरून घरंगळत पहिल्या रांगेत गेला. एका मुलीने किंकाळी फोडली. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग साठच्या साठ मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि “पुन्हा! पुन्हा!” सुरू झालं. समोरच्या वहिनींनी नंतर सांगितलं की त्यांच्या शेजारणीच्या मुलाने घरी जाऊन दोनदा दात घासले, कारण नाही घासले तर जबडा पडतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा व्याख्यान वाया गेलं असं म्हणता येणार नाही. पण एकतीस वर्षं ज्यांना सगळे ‘बाई’ म्हणत आले, त्यांना आता रस्त्याने जाताना पोरं ‘दातवाल्या आजी’ म्हणू लागली. ती हाक आली की आजी मान तुकवत आणि पावलं भराभर उचलत.

हे सगळं त्यांनी सोसलं ते त्या एका दाढेसाठी. रोज रात्री साडेआठला ब्रश व्हायचा, तक्त्यावर हिरवी खूण पडायची, मग दिव्यासमोर दोघी बसायच्या. आजी प्रार्थना म्हणत, भिंगरी शेवटची ओळ म्हणे. मग एक खडा तिच्या तळहातावर, आणि मग गादीवर पडून गोष्ट. बिस्किटं गेली, चॉकलेटं गेली, मामेबहीण गेली. खडा मात्र जागच्या जागी होता, कारण आजींनी तो कधी ‘गोड’ या कपाटात लावलाच नव्हता. त्यांच्या मनात तो ‘देव’ या कपाटात होता, वरच्या खणात, आणि त्या कपाटाची झडती घ्यायचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं. सूनबाईंच्याही नाही.

तीन महिन्यांनी सगळे डॉक्टरांकडे गेले. आजींनी तक्ता गुंडाळी करून बरोबर नेला होता. एकशे ब्याऐंशी चौकोन, एकशे ब्याऐंशी खुणा.

डॉक्टरांनी बराच वेळ आरसा धरला. मग टोकदार सळई हलकेच लावून पाहिली. “दुधाच्या दाढा ठीक आहेत, भरलेल्या टिकल्यात,” त्या म्हणाल्या. “पण उजवीकडच्या नव्या दाढेला खड्डा पडला.”

“असं कसं होईल?” आजी म्हणाल्या. त्यांनी तक्ता उलगडला. “एक दिवस चुकलेला नाही. एक वेळ चुकलेली नाही. हे बघा ना.”

“दिसतंय आजी. इतकं कुणीच करत नाही.” डॉक्टर खुर्चीजवळ स्टूल ओढून बसल्या. “भिंगरी, रात्री तू काय काय करतेस, मला सांगशील? अगदी एकापुढे एक.”

भिंगरीला क्रम सांगायला फार आवडे. शेवटी नात कुणाची. “आधी जेवते. मग आजी माझे दात घासते. मग हिरवी खूण. मग आम्ही देवापुढे बसतो. मग आजी मला साखरेचा खडा देते. मग मी गादीवर जाते, आणि आजी गोष्ट सांगते, आणि मी झोपते.”

“आणि खडा?”

“तो मी चावत नाही,” भिंगरी अभिमानाने म्हणाली. “गालात ठेवते. मग तो गोष्ट संपेपर्यंत पुरतो.”

“कुठल्या गालात?”

भिंगरीने बोट ठेवलं. बरोबर त्या दाढेवर.

मुलाने भिंतीवरचं चित्र वाचायला घेतलं. त्या चित्रात वाचण्यासारखं काही नव्हतं. सूनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. आणि आजींना वाटलं, त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण दोन्ही हातांनी होडीतलं पाणी उपसत होतो, आणि भोकही आपल्याच पायाखाली होतं.

“आजी, मनाला लावून घेऊ नका,” डॉक्टर म्हणाल्या. “झोपेत लाळ कमी सुटते, तोंड स्वतःला धुऊ शकत नाही. म्हणून झोपताना ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नको. एवढा क्रमच बदलायचा. खड्डा लहान आहे. पुढच्या गुरुवारी भरू, दाढ वाचेल.”

क्रमच बदलायचा! हे म्हणजे ग्रंथपालाला सांगायचं की पुस्तकं सगळी ठीक आहेत, फक्त अक्षरमाला उलटी लावा.

त्या संध्याकाळी आजी स्वयंपाकघरात ओट्याशी नुसत्याच उभ्या होत्या. सूनबाईंनी त्या दिवशी रजा घेतली होती. त्या आल्या, भांडी पुसायला लागल्या.

“आई, मला माहीत होतं की तुम्ही तिला खडा देता,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. “मी रोज लोकांच्या रक्तातली साखर मोजते. आणि मला एकदाही सुचलं नाही. तेव्हा तुम्ही एकट्या अशा उभ्या राहू नका.”

“मी तिला काही विष दिलं नाही गं,” आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ग्रंथालयातही तो ऐकू आला नसता. “प्रेमाने दिलं. सासूबाईंना शब्द दिला होता.”

“हो ना. मग तो मोडू नका. जेवायच्या आधी प्रार्थना करू या. खडा तिला तेव्हा द्या, मग जेवण, मग ब्रश.”

“आणि मग झोपताना देवाचं नाव उष्ट्या तोंडाने घ्यायचं?”

“ब्रश केल्यावर तोंड उष्टं कसं राहील, आई?”

आजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी साडेसातलाच, चुळा भरून, दिवा लागला. भिंगरीला काही फरक पडला नाही; तिने खडा घेतला, कडाड्कन चावला, आणि “आज भाजी काय?” म्हणून ताटावर बसली. झोपताना ब्रशनंतर आजींनी तिच्या कपाळावर हात ठेवून नुसतंच एक नाव घेतलं. तिची मूठ रिकामी होती, आणि त्या मुठीने तिने आजींचं बोट धरलं. देवाने काही हरकत घेतल्याचं दिसलं नाही. क्रमाचा हट्ट त्याचा नव्हताच बहुधा, आजींच्या मनात आलं; तो आपल्याच कपाटाचा होता.

पण खरी परीक्षा गुरुवारी होती.

पहिल्या वेळी वर-खाली होणाऱ्या खुर्चीवर खूश झालेली भिंगरी आता शहाणी झाली होती. दुधाच्या दाढा भरताना यंत्राचा आवाज तिच्या लक्षात राहिला होता. ती खुर्चीत बसली, ओठ आत ओढून घेतले आणि तोंडाला कुलूप लावलं. बापाने समजावलं. आईने आधी गोडीने, मग जरा चढ्या आवाजाने सांगितलं. डॉक्टरांनी यंत्र स्वतःच्या नखावर फिरवून दाखवलं. कुलूप उघडेना.

“आज नाही झालं तर काय होईल?” मुलाने विचारलं.

“खड्डा दाढेच्या आतल्या नसेला जाऊन भिडेल. मग भरणं नाही, दाढच जाण्याची भीती.”

मग भिंगरी ओठ न उघडता, नाकातून बोलल्यासारखी म्हणाली, “आजीला बसवा.”

“काय?”

“आधी आजी बसू दे. तिच्या पण तोंडात बघा. ती मला रोज बॅटरीने बघते.”

सगळे आजींकडे वळले. आजींनी पदर सारखा केला. खुर्ची वर गेली तसे त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना सुरू केली. डॉक्टरांनी आरसा आत घातला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि थांबल्या.

“आजी, डावीकडची ही वरची दाढ... किती दिवस दुखतेय?”

खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मुलगा-सून समोर. “असेल वर्ष,” त्या तोंड उघडं ठेवूनच पुटपुटल्या. “दीड.”

“दीड वर्ष!” सूनबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही आम्हाला गाजरं खायला लावलीत?”

“मी उजव्या बाजूने खात होते.”

भिंगरी खुर्चीच्या हातावर चढून आत डोकावत होती. “आजी, तुला भीती वाटते?”

खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, आजी ‘छे गं’ म्हणतील. आजींनाही तसंच वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, “हो गं. फार वाटते. आवाजाची.”

भिंगरीने बराच विचार केला. “मग असं करू. आज मी करते. पुढच्या गुरुवारी तू कर. पण मी शाळेत असेन, मला कसं कळणार?”

“घरी आलीस की तोंड उघडून दाखवीन. बॅटरीने बघ.”

“खरं?”

“मी तुला कधी खोटं सांगितलंय?”

भिंगरीने आजींना खुर्चीतून उठवलं, स्वतः चढून बसली, आणि इतकं मोठं तोंड उघडलं की डॉक्टर हसल्या. यंत्र सुरू झालं. आजींनी तिचा पाय घट्ट धरला होता. डोळे मात्र त्यांनी या वेळी मिटले नाहीत. वीस मिनिटांत दाढ भरून झाली.

पुढचा गुरुवार उजाडला. मुलाला कुठल्या तरी इमारतीत नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये जावं लागलं. सूनबाईंची सकाळपाळी निघाली, त्या घाईत डबा भरून गेल्या. भिंगरी बूट घालून, दप्तर लावून, एका पायावर लंगडत शाळेला गेली. जाताना तिने काही आठवण करून दिली नाही. घरात कुणी काही विचारणारं नव्हतं. आजी आज गेल्या नसत्या तरी कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि अडीच वाजता भिंगरी शाळेतून आल्यावर तोंड उघडायच्या वेळी ‘डॉक्टर नव्हत्या बाई’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

आजींनी सकाळची पूजा आटोपली. धुवट लुगडं नेसल्या. दात घासले, दोन मिनिटं, घड्याळ बघून, कारण आज दुसऱ्याच्या नजरेखालून जायचे होते. गॅस बंद आहे ना पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा पाहिलं. दार ओढून घेतलं.

समोरच्या वहिनींनी अर्धं दार उघडलं. “काकू, कुठे निघालात एवढ्या उन्हाच्या?”

“इथेच,” आजी म्हणाल्या. मग जरा थांबून, “दाताच्या डॉक्टरांकडे.”

“भिंगरीचं पुन्हा काही निघालं?”

“नाही. माझं.”

“अगंबाई! मग एकट्या कशाला? थांबा, माझ्या भाच्याला सांगते...”

“नको,” आजी हळूच म्हणाल्या. “एकटीनेच जायचंय.”

दार मिटलं. जिन्याच्या वळणावर खालून-वरून कुणी दिसत नव्हतं. आजी तिथे थांबल्या. कठड्याला हात धरून त्यांनी एकदा, जमेल तेवढं मोठं, तोंड उघडून पाहिलं. मग मिटलं, पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला, आणि एकेक पायरी उतरू लागल्या.